इंजिन उघडलंच आहे, तर काय काय बदलावं?

प्रश्न थोडक्यात असा. २००५ची, पहिल्या पिढीतली स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस, १.८ लिटर टर्बो पेट्रोल. पुण्याहून सोलापूरला येताना टेंभुर्णीच्या पुढे ऑइलचा लाल दिवा लागला, बझर वाजला. ‘मोहोळ गाठू, तिथं बघू’ म्हणून गाडी तशीच हाणली. मोहोळच्या अलीकडे खटखट सुरू झाली आणि थोड्या वेळात गाडी बंद पडली. गॅरेजमध्ये चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, उतरवल्यावर तिसऱ्या सिलिंडरचं बिगेंड बेअरिंग (पिस्टनचा रॉड क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, जोडतो तिथलं) फिरलेलं निघालं, क्रँकला ओरखडे, रॉड निळा पडलेला. हाताशी साडेतीन लाख आहेत. पुण्याचा मित्र म्हणतो, इंजिन उघडलंच आहे तर फोर्ज्ड (दाबून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन, फोर्ज्ड रॉड, मोठा टर्बो टाक आणि २५० हॉर्सपॉवर काढ. वडील म्हणतात, कुठलं तरी जुनं इंजिन आणून बसव आणि गाडी विकून टाक. कोणाचं ऐकावं?

मी सोलापुरात अक्कलकोट रोडला बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचं काम करतो. तीस वर्षं होत आली. पोटाला ट्रॅक्टर आणि उसाचे ट्रक, हौसेला तुमच्यासारख्यांच्या गाड्या. चार दारं आणि भली मोठी डिकी असली तरी आरएस ही आपल्याकडे स्पोर्ट्स कारच, त्यामुळे मित्राला चढलेला जोर मी समजू शकतो. वडीलही अगदीच चुकीचे नाहीत, त्यांच्याकडे नंतर येतो.

कुठले पार्ट टाकायचे ते ठरवण्याआधी इंजिन कशानं गेलं ते कळायला हवं. तुमच्या लिहिण्यात मित्र काय म्हणाला ते सगळं आहे, पण ऑइलचं प्रेशर का पडलं याबद्दल अक्षर नाही. ‘बेअरिंग फिरलं’ हे कारण झालं नाही. ताप आला म्हणजे आजार कळला असं नसतं. तो न शोधता फोर्ज्ड माल बसवला तर महागडं इंजिन त्याच कारणानं पुन्हा जाईल.

म्हणून आधी चेंबर परत बघा. पुसून ठेवला असेल तर ऑइल पंपाची सक्शन जाळी बघा, ती सहसा कोणी पुसत नाही. या इंजिनात ऑइल वेळेवर बदललं नाही की टर्बोच्या उष्णतेनं ते भाजतं आणि काळा, घट्ट गाळ होऊन जाळीवर बसतो. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दोन कॅमच्या मधल्या साखळीच्या टेन्शनरला प्लास्टिकचे पॅड असतात, जुने झाले की त्यांचे तुकडे खाली येतात आणि तेही याच जाळीत अडकतात. जाळी उजेडासमोर धरा. निम्म्याहून जास्त भोकं बुजलेली दिसली तर तपास तिथंच संपला. जाळी स्वच्छ असेल तर पंप, पंप फिरवणारी क्रँकवरची छोटी साखळी, आणि मुळात चेंबरमध्ये ऑइल किती उरलं होतं, या क्रमानं जा.

दुसरा साक्षीदार म्हणजे बाकीची बेअरिंग. सगळे शेल, म्हणजे बेअरिंगचे अर्धगोल तुकडे, काढून ओळीनं मांडा, कुठला कुठल्या सिलिंडरचा, वरचा की खालचा, हे मार्करनं मागे लिहून. नवा शेल राखाडी असतो. वरचा थर गेला की खालचं तांबं दिसतं. सगळेच शेल तांबूस असतील तर पूर्ण इंजिन ऑइलवाचून तडफडलंय. एकच तांबूस आणि बाकी राखाडी, तर त्या एका जागी काहीतरी वेगळं घडलं: मागे कोणीतरी बोल्ट कमीजास्त आवळला, किंवा कचरा गेला. या दोन गोष्टींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून शेल फेकू नका.

आता मूळ मुद्द्यावर. ‘उघडलंच आहे तर’ हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात महाग वाक्य आहे, गिऱ्हाइकाला महाग आणि मेकॅनिकला गोड. पण ते पूर्ण खोटंही नाही. मी प्रत्येक पार्टला एकच प्रश्न विचारतो: हा उद्या बदलायचा ठरला तर इंजिन परत खाली उतरवावं लागेल का? उतरवावं लागणार असेल तर आज त्यावर सढळ हातानं खर्च करा. बॉनेट उघडून शनिवारी दुपारी बदलता येण्यासारखा असेल तर तो आज नको, कितीही आकर्षक असला तरी. रॉड, बेअरिंग, ऑइल पंप, क्रँकचं मागचं सील, क्लच हे पहिल्या गटात. टर्बो, इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा), ईसीयूचं म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं रीमॅप, एक्झॉस्ट हे दुसऱ्या. तुमच्या मित्राची यादी आणि माझी यादी इथंच वेगळ्या होतात.

रॉडपासून सुरू करू. निळा पडलेला रॉड भंगारात, त्यावर चर्चा नाही. स्टीलचा तो निळा रंग म्हणजे उष्णतेनं त्याची ताकद गेल्याची पावती. मग एक नवा रॉड आणि तीन जुने, की चारही नवे? आणि चारही नवे घ्यायचेच तर कंपनीचे की फोर्ज्ड? इथं मी तुमच्या मित्राच्या बाजूनं आहे. या इंजिनाचा नाजूक अवयव रॉडच आहे, आणि तो वाकतो टॉर्कनं, म्हणजे फिरवण्याच्या जोरानं. लोक हॉर्सपॉवरचा आकडा बघतात, पण रॉड वाकतो कमी आरपीएमला सिलिंडरमध्ये दाब एकदम चढतो तेव्हा. म्हणजे टर्बो कंपनीचाच ठेवून हावरं रीमॅप केलं, तीन हजारला टॉर्कचा झटका दिला, तरी रॉड वाकू शकतो. वरच्या आरपीएमला धोका वेगळा असतो, तिथं बोल्टवर ओढ येते, आणि ती वेगाच्या वर्गानं वाढते: सहा हजारावरून सात हजारावर गेलात तर सुमारे ३६ टक्के जास्त. चांगले फोर्ज्ड रॉड चांगल्या बोल्टसकट दोन्ही प्रश्न सोडवतात आणि नंतर कधी पॉवर वाढवायची झाली तर इंजिन परत उघडावं लागत नाही. घ्या. फक्त ऑर्डर देण्याआधी पिस्टनची पिन मायक्रोमीटरनं मोजा. या इंजिनात २० मिलिमीटर आणि १९ मिलिमीटर अशा दोन मापांच्या पिन आल्या आहेत. इंटरनेटवरच्या चार्टवर विसंबून मागवलेले रॉड आणि हातातली पिन जुळत नाहीत म्हणून महिनाभर अडकलेली गाडी मी पाहिली आहे.

बजेट पुरत नसेल आणि कंपनीचेच रॉड ठेवायचे असतील तरी बोल्ट नवेच. ते ३० न्यूटन मीटरला आवळून वर ९० अंश फिरवायचे असतात, म्हणजे ताणायचे असतात. एकदा ताणलेला बोल्ट परत वापरायचा नाही. आणि ‘जुन्याच रॉडला नुसते भारी बोल्ट टाकू’ असं कोणी म्हणालं तर विचारा, त्यानंतर बिगेंड होन करणार का, म्हणजे रॉडचं मोठं भोक घासून परत गोल करणार का? बोल्टची ओढ बदलली की त्या भोकाचा गोलपणा बदलतो. हे माहीत नसलेल्याकडे इंजिन देऊ नका.

क्रँक. नखानं बघा. जर्नलवर, म्हणजे बेअरिंग बसतं त्या गोल भागावर, नख आडवं फिरवलं आणि ते ओरखड्यात अडकलं तर ग्राइंडिंग करावंच लागेल. या क्रँकचं बिगेंड जर्नल ४७.८० मिलिमीटरचं. पाव मिलिमीटर उतरवून ओरखडा साफ होत असेल तर अंडरसाइझ बेअरिंग टाकून क्रँक आयुष्य काढील. पण आधी मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट, मग बाकी. ज्या क्रँकवर बेअरिंग फिरलं तिथं उष्णतेनं बारीक भेगा पडलेल्या असू शकतात, डोळ्याला दिसत नाहीत. दुसरी गोष्ट कोपऱ्याची: जर्नल जिथं वेबला, म्हणजे क्रँकच्या बाजूच्या जाड पाख्याला, मिळतं तिथं गोलाई असते. ग्राइंडिंगचा दगड नीट ड्रेस केलेला नसेल तर तो कोपरा काटकोनात कापला जातो. हळू फिरणाऱ्या पंपाच्या इंजिनात ते एखाद वेळेस खपून जातं. सहा हजार आरपीएमच्या इंजिनात क्रँक तिथूनच तुटतो. मी दुकानदार असून सांगतो: ज्याच्याकडे द्याल त्याला तो कोपरा दाखवायला सांगा. राग आला तर दुसरीकडे जा.

बेअरिंगमधली फट किती? माझ्या वस्तादांचा हिशेब साधा होता, जर्नलच्या व्यासाच्या दर इंचाला एक थाउ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. तुमच्या जर्नलला ते जवळपास पाच शतांश मिलिमीटर येतं, आणि कंपनीच्या मर्यादेत ते बसतंय ना एवढं तपासायचं. मायक्रोमीटरनं मोजायचं आणि प्लास्टिगेजनं (फटीत दाबून माप दाखवणारा प्लास्टिकचा धागा) पडताळायचं, दोन्ही. वस्ताद तेलुगू, मराठीत शिव्या द्यायचे आणि तेलुगूत मापं मोजायचे. ‘हातानं हलवून बघितलं, बरोबर आहे’ म्हटलं की पाना फेकून मारायचे.

पिस्टनच्या बाबतीत मी मित्राच्या विरोधात आहे. बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, मोजून ठरवा. ८१ मिलिमीटरचा बोअर मर्यादेत असेल आणि पिस्टनच्या स्कर्टवर (खालच्या बाजूवर) ओरखडे नसतील तर होनिंग करा, नव्या रिंगा टाका, पिस्टन तेच. बोअर झिजला असेल तर अर्ध्या मिलिमीटरच्या ओव्हरसाइझला जा. इंजिन १७८१ सीसीचं सुमारे १८०३ होईल, गाडीला कळणारही नाही. फोर्ज्ड पिस्टन मजबूत असतात यात वाद नाही, पण कमी सिलिकॉनच्या मिश्रधातूचे फोर्ज्ड पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतात, म्हणून त्यांना भिंतीपासून जास्त फट ठेवावी लागते. सकाळी गाडी थंड असताना ते टकटक वाजतात आणि रोजच्या छोट्या फेऱ्यांत बोअर लवकर झिजतो. घर ते सात रस्ता, सात रस्ता ते होटगी रोड एवढंच रोजचं चालणं असेल तर ते इंजिन कधी नीट तापतच नाही. तुम्ही महिन्यातून एकदा ट्रॅकवर जात असाल तर माझं उत्तर बदलेल. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटलं नाही.

टर्बोचं थोडं गुंतागुंतीचं आहे. मोठा टर्बो नको, पण आहे तो डोळे झाकून परत बसवायचाही नाही. ज्या ऑइलमध्ये बेअरिंगचा भुगा मिसळला तेच ऑइल टर्बोच्या शाफ्टला जात होतं. शाफ्ट हलवून खेळ बघा, चाकाच्या कडा घासल्यात का बघा, आणि ऑइल यायची नळी नवी घाला. जुनी आतून कोळशानं अरुंद झालेली असते. गरज पडली तर त्याच मापाचं आतलं कार्ट्रिज बदला. मोठा टर्बो टाकला की त्यापाठोपाठ इंजेक्टर, पंप, क्लच, इंटरकूलर आणि ट्यूनिंगवाला अशी वरात येते, आणि साडेतीन लाखांत ती वरात मोहोळपर्यंतही पोचणार नाही.

यापेक्षा महत्त्वाची, आणि कोणीच न विचारणारी गोष्ट म्हणजे ऑइल कूलर. पंधराएक वर्षांपूर्वी माझ्याकडे अशीच एक टर्बो पेट्रोल गाडी आली होती, बेअरिंग फिरलेलं. क्रँक घासला, नवे शेल, सगळी मापं वहीत लिहून. ब्लॉकच्या ऑइलच्या वाटा ब्रशनं धुतल्या, हवा मारली. ऑइल फिल्टरच्या मागे बसणारा तो छोटा कूलर मात्र पेट्रोलनं धुतला, फुंकला आणि परत लावला. बाहेरून आरशासारखा दिसत होता. सातशे किलोमीटरनी गाडी टोचन लावून परत. फिल्टर कापून कागद उलगडला तर घड्यांमध्ये सोनेरी भुकटी चमकत होती, उन्हात धरली तर सुंदर दिसावी अशी. मग कूलर लेथवर धरून कापला. आतल्या पातळ पातळ पापुद्र्यांत भुगा चिकटून बसलेला, ऑइल गरम झाल्यावर तो थोडाथोडा सुटत होता. दुसऱ्यांदा केलेल्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत, घेण्याचं तोंडच नव्हतं. तेव्हापासून बेअरिंग गेलेल्या इंजिनाचा कूलर माझ्याकडे थेट भंगारात जातो. तुमच्या इंजिनातही तो फिल्टरच्या मागेच आहे. नवा घ्या. व्हॉल्व्ह दाबणारे वीसच्या वीस हायड्रॉलिक टॅपेट काढून तपासा, ब्लॉकमधल्या वाटांचे प्लग काढून धुवा, ऑइल पंप आणि जाळी नवी. यातली एकही वस्तू मित्रांना दाखवण्यासारखी नाही, पण तुमचं इंजिन या यादीवर उभं राहणार आहे.

आता सोलापूरचं हवामान. एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४३च्या आसपास जातो आणि डांबरावर त्याहून जास्त. हवा गरम असली की पेट्रोल वेळेआधी भडकायला बघतं, नॉक सेन्सर ते ऐकतो आणि ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. रीमॅपवाल्यानं पुण्यात डिसेंबरच्या रात्री काढलेला आकडा इथं मेमध्ये मिळत नाही. या गाडीचा मूळ इंटरकूलर बंपरच्या कोपऱ्यात, चाकाच्या पुढे दडलेला आहे. तो समोर मोठा बसवणं हे इथल्या हवेसाठी शहाणपणाचं अपग्रेड आहे, पण बाहेरून बसतं म्हणून ते पुढच्या वर्षी. कूलिंगचं मात्र आत्ताच करा: धातूच्या पंख्याचा वॉटर पंप, थर्मोस्टॅट, टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर, सगळं एकदम. वॉटर पंप त्या बेल्टवरच फिरतो.

पेट्रोलचंही बघा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. आपल्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही. ऑक्टेनच्या दृष्टीनं इथेनॉल चांगलंच. पण २००५च्या गाडीचे रबरी पाइप त्यासाठी बनवलेले नव्हते. इंजिन खाली असताना इथेनॉलला टिकणारे पाइप घालून घ्या. शिवाय इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. कंपनीच्या १५० हॉर्सपॉवरला इंजेक्टर ते पुरवतील. २५०ला पुरवणार नाहीत, हे मित्राच्या हिशेबात दिसलं नाही.

वडिलांच्या सल्ल्याबद्दल. क्रँकला भेग निघाली आणि शिवाय ब्लॉकही गेलेला असेल, तर वडील बरोबर. एरवी नाही. बाजारातलं जुनं इंजिन म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी न बदललेल्या ऑइलचा गाळ. आणि इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. इंजिन बदललं की आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. ते न करता चालवलं तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं निमित्त. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत फेरफार करण्याबद्दल कडक आहे, आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. तुमची गाडी पंधरा वर्षांच्या पुढची, म्हणजे दर पाच वर्षांनी आरसी नूतनीकरणाला एमएच-१३च्या, म्हणजे सोलापूर आरटीओच्या, दारात उभी राहणारच. धूर स्वच्छ करणारं कॅटॅलिटिक काढून टाका असं कोणी मित्र सुचवत असेल तर त्याला त्या दिवशी सोबत न्या.

तर पैशांची विभागणी मी अशी करीन. पहिला लाख स्वच्छता आणि ऑइलच्या वाटेवर: पंप, जाळी, कूलर, टॅपेट, टर्बोची तपासणी. त्यानंतर क्रँक, बेअरिंग, फोर्ज्ड रॉड, रिंगा, हेडची प्रेशर टेस्ट आणि व्हॉल्व्ह लॅपिंग. मग बेल्ट, वॉटर पंप, सील, आणि क्लच झिजला असेल तर क्लच. उरलेल्यातून पन्नास हजार बाजूला ठेवा आणि त्यांना हात लावू नका, कारण हेड उघडल्यावर काय निघेल हे मीही आत्ता सांगू शकत नाही. आणि एक छोटं अपग्रेड माझ्यातर्फे हट्टानं: ऑइल प्रेशरचा काट्याचा मीटर. लाल दिवा लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. काटा आधी कुरकुरतो. गरम इंजिनावर दर हजार आरपीएमला दहा पीएसआय एवढा जुना ठोकताळा लक्षात ठेवा. काटा त्याच्या खाली राहू लागला तर गाडी बाजूला, मग टेंभुर्णी असो की घराचं फाटक.

पहिला स्टार्ट घाईनं देऊ नका. प्लग काढून, इंजेक्टरची लाइन सोडून, प्रेशर दिसेपर्यंत नुसतं स्टार्टरवर फिरवा. पहिलं ऑइल पन्नास किलोमीटरला काढा, दुसरं पाचशेला, आणि दोन्ही वेळी फिल्टर कापून कागद बघा. त्यानंतर फोक्सवॅगनच्या ५०२ ०० दर्जाचं फुल सिंथेटिक, दर पाच हजारांना, मॅन्युअलमध्ये काहीही लिहिलेलं असो. रीमॅपचा विषय पाच हजार किलोमीटरनंतर काढा. युरोपात ही गाडी १८० हॉर्सपॉवरची होती, आपल्याकडे १५०ची आली, म्हणजे इंजिनात थोडी जागा आहे. फोर्ज्ड रॉड आत असतील तर तेवढं तुम्ही बिनघोर घेऊ शकाल.

क्रँक कुठंही न्यायचा असेल तर आडवा टाकून नेऊ नका, उभा बांधा आणि जर्नलला ऑइल लावून कापड गुंडाळा. सोबत जुने शेल, जाळी आणि न धुतलेला फिल्टर घ्या. गॅरेजवाल्यानं फिल्टर टाकून दिला असेल तर आज संध्याकाळीच त्याच्या कचऱ्याच्या डब्यात हात घाला, उद्या तो भंगारवाल्याकडे गेलेला असेल.